गवताचं रान स्वतः कापायचं की माणसं लावायची? एका गुंठ्यावरून ठरवा

भाद्रपद संपत आला की भोर, जावळी, पाटण, आजरा या पट्ट्यातल्या उतारांवर गवत कमरेला लागतं. त्याच सुमाराला खाचरात भात पिवळं पडायला लागतं, आणि जिथे रान मोकळं झालंय तिथे ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीची घाई असते. अशा वेळी घरोघरी एकच बोलणं चालू होतं: यंदा गवत आपणच कापायचं की माणसं लावायची? बहुतेक घरांत याचं उत्तर सवयीने दिलं जातं. वडील कापायचे म्हणून मुलगा कापतो, किंवा शेजाऱ्याने माणसं लावली म्हणून आपणही लावतो. त्यात एक तर दिवाळीनंतरही निम्मं गवत वाळून उभं राहतं, नाही तर विकत वैरण आणली असती तर स्वस्त पडली असती इतकी मजुरी जाते. आधी अर्धा दिवस मोजमापाला दिला तर दोन्ही टळतं.

आधी गरज काढा

"आपलं दोन एकर रान आहे, म्हणजे दोन एकर कापायचं" असं धरून चालू नका. सुरुवात गोठ्यापासून करा. सुकं गवत खरं लागतं ते माघापासून पाऊस स्थिरावेपर्यंत. 1 फेब्रुवारी ते 15 जून धरले तर 135 दिवस होतात. एका गायीला किंवा बैलाला दिवसाला किती पेंड्या, म्हणजे गवताच्या बांधलेल्या जुड्या, लागतात ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. तुमच्याकडच्या चार-पाच पेंड्या वजनकाट्यावर ठेवून सरासरीही काढा, कारण पेंडी गावागणिक लहानमोठी असते. कडबा, भाताचा पेंढा, हिरवा चारा जे काही घरचं असेल ते यातून वजा करा.

समजा एका जनावराला रोज चार पेंड्या लागतात आणि दावणीला दोन जनावरं आहेत. 135 दिवसांच्या 1,080 पेंड्या झाल्या. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर बसवायचं आहे.

मग एक गुंठा कापून बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. रानात सरासरी दिसेल अशी जागा निवडा. ओहोळाकाठचं दाट गवत नको आणि कातळावरचं विरळही नको. तिथे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा चौकोन दोरी लावून आखून घ्या. हा झाला एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर.

विळा आदल्या दिवशी पाजवून ठेवा. दातेरी वैभव विळा असेल तर उत्तम, त्याने मनगटाला ओढ कमी बसते. घड्याळ लावा आणि नेहमीच्या चालीने कापा. कोणाला दाखवायला भरभर कापू नका, कारण तोच वेग तुम्हाला पुढचे आठ दिवस टिकवायचा आहे. जमिनीपासून चार बोटं खुंट राहू द्या. अगदी मुळापासून खरवडलं तर पुढच्या वर्षीचा फुटवा मार खातो आणि पेंडीत माती-खडे येतात. मूठ-मूठ एकाच दिशेला, बुडखे एका बाजूला असं आंथरत जा. दोन दिवस ऊन लागलं की पेंड्या बांधा. बांधायला लागलेला वेळही त्यात धरा, कारण बहुतेक जण फक्त कापण्याचा वेळ मोजतात आणि तिथेच हिशोब फसतो. ओलं असताना बांधलेली पेंडी वाळल्यावर सैल पडते आणि आत बुरशी धरते, म्हणून घाई करू नका.

आता दोन आकडे हातात आले: एका गुंठ्याला किती तास आणि किती पेंड्या. समजा कापणं-बांधणं मिळून दीड तास लागला आणि 40 पेंड्या निघाल्या. 1,080 पेंड्यांसाठी 27 गुंठेच पुरतात, म्हणजे एकराच्याही आत. त्याला साडेचाळीस तास लागतील. एक माणूस वाकून दिवसाला पाच तास नीट काम करू शकतो असं धरलं तर आठ-नऊ दिवसांचं काम आहे. दोघं असाल तर चार-पाच दिवसांचं. जे रान डोंगराएवढं वाटत होतं ते असं आवाक्यात येतं, किंवा खरंच आवाक्याबाहेर आहे हे तरी वेळेत कळतं.

तुमच्याकडे दिवस किती आहेत ते बघा

गवत कापायला मुभा भरपूर असते असं वाटतं, पण चांगलं गवत मिळण्याचे दिवस मोजके असतात. मारवेल, पवना यांसारखं गवत निम्मं फुलोऱ्यात आलं की कापावं. बी पडून काडी पिवळी पडली की त्यातला कस झपाट्याने उतरतो. मग पेंड्या तितक्याच निघतात, पण जनावराच्या अंगी लागत नाहीत. रानात कुसळी गवत जास्त असेल तर आणखी घाई करावी लागते. तिची कुसळं तयार झाली की जनावराच्या तोंडात टोचतात, आणि मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत घुसतात.

दुसऱ्या बाजूने परतीचा पाऊस आडवा येतो. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी वारे मुंबईतून 8 ऑक्टोबरच्या सुमाराला मागे फिरतात. पण ती सरासरी आहे, आणि घाटमाथ्यावर त्यानंतरही दुपारचा वळीव कोसळतो. कापून आंथरलेलं गवत एकदा भिजलं की काळं पडतं. त्यामुळे पाऊस उघडल्यापासून गवत निबर होईपर्यंत तुमच्या रानात साधारण किती कोरडे दिवस मिळतात, ते गेल्या दोन-तीन वर्षांच्या आठवणीवरून ठरवा. त्यातून भातकापणीचे दिवस वजा करा. भात पिकून लोंबी झडायला लागली तर गवत बाजूला ठेवावंच लागतं.

आता वरचे आठ-नऊ दिवस या उरलेल्या दिवसांत बसतात का? बसत असतील तर स्वतः कापा. बसत नसतील तर जेवढे दिवस कमी पडतात तेवढ्याच कामाला माणसं लावा. सगळं रान एकतर आपण नाहीतर मजुरांनी, असं असायची काहीच गरज नाही. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात घ्यावं: शनिवार-रविवारी येऊन कापणं जमतं, पण वाळवणं, उलटणं आणि आभाळ आलं तर धावत जाऊन गोळा करणं जमत नाही. मागे घरी कोणी नसेल तर हा बेत करू नका.

स्वतःच्या अंगाचाही विचार करा. कंबरदुखी, रक्तदाब किंवा गुडघ्याची तक्रार असेल तर मजुरी वाचवायला जाऊन औषधावर खर्च करू नका. उंच गवतात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. गमबूट घाला, जाड कापडाने पोटऱ्या झाका, काठीने गवत हलवत पुढे सरका, आणि एकट्याने कधीही कापायला जाऊ नका. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. माणसाला न चालवता 108 ला फोन करून प्रतिविषाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफसही होतो. 2018 मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. घरी आल्यावर कपडे बदलून आंघोळ करा, आणि नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गवतात काम केल्याचं आवर्जून सांगा.

माणसं लावायची तर कोणत्या बोलीवर?

माणसं लावणं म्हणजे फक्त रोज देणं नव्हे. चार-पाच रीती आहेत आणि प्रत्येकीत पैसा वेगळ्या ठिकाणी गळतो.

रोजाने लावलीत तर काम नीट होतं, पण तुम्हाला बांधावर हजर राहावं लागतं. म्हणजे तुमचा दिवसही त्यात गेला, तो हिशोबात धरा. उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम ठरवून, दिलंत तर डोक्याला ताप नाही, पण काम उरकण्याकडे कल असतो. खुंट गुडघ्याएवढा राहतो आणि कोपरे, झुडपाखालचं गवत तसंच उभं. चार बोटांचा खुंट आणि बांधून, गंजीपर्यंत आणून देणं हे बोलीतच ठरवा.

शेकड्याने, म्हणजे दर शंभर पेंड्यांमागे पैसे, ही रीत मला सगळ्यात रास्त वाटते. जो जेवढं कापेल तेवढं त्याला मिळतं. रोजंदारीत बायकांना पुरुषांपेक्षा कमी रोज द्यायची जी चाल अजून गावोगाव आहे, ती इथे आपोआप मोडते. विळा चालवण्यात बाया कुठेच मागे नसतात, त्यांना कमी पैसे देणं हा निव्वळ अन्याय आहे. शेकड्यात एकच धोका असतो, पेंडी दिवसागणिक बारीक होत जाते. त्यावर उपाय सोपा. पहिल्या दिवशी दोघांच्या संमतीने एक पेंडी बांधा, तिच्या घेराएवढी सुतळी कापा आणि एक तुकडा त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे ठेवा. शंका आली की सुतळी लावून बघायची, वाद नाही.

वाट्याने देणं म्हणजे कापणाऱ्याने कापून बांधायचं आणि निम्मं न्यायचं. रोकड खर्च होत नाही. वरच्या उदाहरणात एकरातले 13 गुंठे उरले होते. ते वाट्याने दिले तर 520 पेंड्यांतल्या 260 तुमच्या घरात पडतात आणि जून लांबला तर कामी येतात. ज्याच्याकडे जनावरं आहेत पण रान नाही, अशा शेजाऱ्यालाही आधार होतो.

आणि सावड. चार घरांनी मिळून आज याचं, उद्या त्याचं रान कापायचं. पैसा लागत नाही, पण दिवस फेडावे लागतात. सगळ्यांची रानं साधारण सारखी असतील तरच सावड टिकते. ज्याचं एकर आहे आणि ज्याचं दहा गुंठे आहे त्यांची सावड दुसऱ्या वर्षी मोडते.

ब्रश कटरचं काय?

यंत्र कापतं भराभर, यात शंका नाही. पण विळ्याने कापलेली मूठ एका बाजूला नीट पडते, यंत्राने कापलेलं गवत विस्कटतं. कापण्यात वाचलेला वेळ गोळा करण्यात आणि बांधण्यात जातो. म्हणून मागे गोळा करणारी दोन-तीन माणसं असतील तरच ते परवडतं. वैरणीसाठी पातं लावा. नायलॉनच्या दोरीने गवताचा चुरा होतो. पातं दगडावर आपटून ठिणगी उडते आणि वाळल्या रानात वणवा लागायला तेवढी पुरते, त्यामुळे कातळाच्या उतारावर यंत्र नकोच. डोळ्यांना चष्मा, पायात बूट हवेतच, आणि इतर माणसं किमान 15 मीटर लांब ठेवा. वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी विकत घेऊ नका. चालवणाऱ्यासकट तासावर भाड्याने मिळतं का ते बघा, आणि त्याच्याकडूनही आधी एक गुंठा कापून घेऊन तेच दोन आकडे काढा.

शेवटचा ताळा

मजुरी, चहापाणी, वाहतूक सगळं मिळून शंभर पेंड्यांना किती खर्च येतो ते काढा. गावात तयार गवताचा शेकडा काय भावाने मिळतो ते विचारा. मजुरीचा खर्च भावाच्या जवळ जात असेल तर रस्त्यालगतचं, दाट गवत तेवढं कापा आणि लांबचं उतारावरचं चरायला राखा. स्वतः कापत असाल तरी तुमचा दिवस फुकट धरू नका. त्या दिवशी भात कापलं असतं किंवा दुसऱ्याकडे कामाला गेला असता तर काय मिळालं असतं, ती तुमची मजुरी.

रान गायरान किंवा वनखात्याचं असेल तर हे सगळं करण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा वन समितीत विचारून घ्या. चराईबंदी पाळणाऱ्या गावांत, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारसारख्या, गवत कापून नेण्याचे गावाने ठरवलेले नियम असतात.

माणसं नवरात्राच्या आधीच सांगून ठेवा आणि थोडा इसार द्या, कारण भातकापणी सुरू झाली की दुप्पट रोज देऊनही कोणी मिळत नाही. कापणी रानाच्या मधून सुरू करून कडेकडे आणा, म्हणजे लावे, ससे यांना बाहेर पळायला वाट राहते. एखादा पट्टा न कापता सोडा, त्याचं बी पडून रान भरतं. रानात पिण्याचं पाणी ठेवा. कामावर कोणाला इजा झाली तर दवाखान्याचा खर्च तुमचा. कापलेलं गवत पावसाने भिजलं तर कापणाऱ्याची मजुरी पूर्ण द्यायची की नाही, हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. माझ्या मते पूर्ण द्यावी, कारण कापायचा दिवस तुम्ही ठरवलेला असतो.