पाळणा दुसऱ्यांदा हलण्याआधी

थोरलीच्या शाळेच्या फीचा पहिला हप्ता, गाडीचा विमा आणि दवाखान्यात भरायची अनामत, तिन्ही एकाच महिन्यात आली तेव्हा मला सातवा महिना होता. महिन्याचा हिशेब आम्ही कधी चुकवला नव्हता, तरी त्या महिन्यात क्रेडिट कार्ड पुढे करावं लागलं. रात्री बसून पाहिलं तर त्यातला एकही खर्च अचानक आलेला नव्हता. फीची तारीख आदल्या वर्षीही तीच होती. विमा दरवर्षी त्याच आठवड्यात संपायचा. बाळ येणार हे तर केव्हापासूनच माहीत होतं. आम्ही हिशेब महिन्याचा ठेवत होतो आणि खर्च वर्षाचे येत होते.

म्हणून घर वाढणार असेल तर गुंतवणुकीच्या चर्चेला बसण्याआधी एक वही घ्या. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि दर महिन्याला न येणाऱ्या प्रत्येक खर्चावर लाल पेनने खूण करा. आमच्या पानावर सतरा ओळी निघाल्या: फी, गणवेश, विम्याचे हप्ते, गाडीची सर्व्हिसिंग, घराचा कर, चष्मे, दातांचं काम, प्रवासाची तिकिटं. प्रत्येक ओळीपुढे महिना लिहा. सगळ्यांची बेरीज करून तिला बाराने भागा. तेवढी रक्कम पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात गेली पाहिजे, आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं नाही. आमचा आकडा हातात येणाऱ्या पगाराच्या सहाव्या हिश्शाएवढा निघाला. वही करण्याआधी कुणी विचारलं असतं तर मी विसावा हिस्सा म्हटलं असतं.

पहिल्या वर्षी मात्र बाराने भागून भागत नाही, कारण खातं भरायच्या आतच मोठा खर्च दारात उभा राहतो. जो खर्च दोन महिन्यांवर आहे त्याला दोनने भागा, जो पाच महिन्यांवर आहे त्याला पाचने. सुरुवातीचे महिने ओढाताणीचे जातात. ते सोसा, एक फेरा पूर्ण झाला की हात मोकळा होतो.

हे खातं म्हणजे अडीअडचणीचा पैसा नव्हे. ती गंगाजळी वेगळी. साधारण तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा असं सांगतात. कमावणारं माणूस एकच असेल तर मी सहाच्या खाली येणार नाही. आणि मोजताना पगार धरू नका, खर्च धरा, तोही बाळ आल्यानंतरचा.

तो खर्च कसा कळणार? रंगीत तालीम करून. दोघं कमावत असाल आणि त्यातला एक पगार काही काळ थांबणार असेल, तर बाळ येण्याआधीच तीन महिने एका पगारात घर चालवून पाहा. वर्षाच्या खात्यात जाणारी रक्कमही त्यातूनच काढायची. आम्हाला दोनच महिने मिळाले. पहिल्या महिन्यात माझा सगळा पगार कार्ड फेडण्यात गेला, दुसऱ्या महिन्याचा गंगाजळीत. मोठी गाडी घ्यायचा विचार त्याच दोन महिन्यांत मागे पडला.

कार्ड आधी फेडण्याचं कारण साधं आहे. थकलेल्या बिलावर महिन्याला 3 टक्के व्याज हा आकडा छोटा वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातो. एवढा परतावा देणारी खात्रीची बचत कुठेही मिळणार नाही. बिलावरची ‘किमान रक्कम’ भरून दंड टळतो, व्याज चालूच राहतं.

मोठं घर घेताना हप्ता परवडतो का एवढंच सगळे पाहतात. मी बँकेकडून पूर्ण तक्ता मागून घेतला, कोणत्या महिन्यात किती मुद्दल आणि किती व्याज. 20 वर्षांचं, 9 टक्क्यांचं कर्ज घेतलं तर पहिल्या हप्त्यातल्या दर शंभरातले सुमारे 83 व्याजात जातात, आणि निम्मी मुद्दल फिटायला 14 वर्षं लागतात. तो तक्ता एकदा डोळ्यांनी पाहाच. त्याच कर्जात दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरलात तर तीन वर्षांहून अधिक काळ वाचतो. वस्तूंच्या कर्जावर ‘फ्लॅट’ व्याज, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच लागणारं, सांगितलं तर तिथेच थांबा: तीन वर्षांसाठी फ्लॅट 10 टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 18 टक्के.

विम्याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याच्या जाण्याने घराचं उत्पन्न थांबेल किंवा घर चालवायला माणूस ठेवावं लागेल, त्याचा मुदत विमा आधी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेलं तर घरच्यांना रक्कम देणारा. बाळाच्या नावाची पॉलिसी कितीही गोड शब्दांत विकली तरी बाळाच्या उत्पन्नावर घर चालत नाही. आरोग्य विम्याची कागदपत्रं गर्भारपणाआधी वाचा. अनेक पॉलिसींत बाळंतपणासाठी प्रतीक्षा काळ असतो, तो संपेपर्यंत तो खर्च मिळत नाही, आणि नवजात बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं तेही त्यातच लिहिलेलं असतं.

शिक्षणासाठी आजच्या फीचा आकडा धरू नका. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर 18 वर्षांनी तोच खर्च जवळपास तिप्पट होतो. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण सुरुवात बाळाच्या पहिल्या वर्षीच करा.

आणि वही दोघांची असू द्या. कुठलं खातं कशासाठी, नॉमिनी कोण, विम्याचे कागद कुठे, हे सगळं शेवटच्या पानावर लिहा आणि ते पान एकमेकांना वाचून दाखवा. आमचं बाळ झालं त्याच आठवड्यात फीचा दुसरा हप्ता आला. मी दवाखान्यात होते. नवऱ्याने वही उघडली, त्या खात्यातून हप्ता भरला, ओळीवर बरोबरची खूण केली आणि मला फोटो पाठवला.