पुण्याहून कोकणातल्या शिमग्याला जाताना

शिमग्याला तिकीट नाही, आमंत्रणही लागत नाही. पण दिवस चुकला तर सगळंच हुकतं. रत्नागिरीकडे काही गावांत तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीला होळीचा होम. काहींत भद्रे, म्हणजे पौर्णिमेला. त्यामुळे नुसतं कॅलेंडर पाहून निघू नका. ग्रामदेवतेची पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत आहे, ते गावातल्या माणसाला फोन करून विचारा.

स्वारगेटहून चिपळूणला एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर कुंभार्ली घाट उजेडातच उतरा. चाकरमानीही याच दिवसांत गावी असतात, म्हणून परतीचं आरक्षण आधीच करा.

सोबत देवासाठी नारळ आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा; संकासुराचं सोंग नि खेळे, म्हणजे नाचणारी मंडळी, दारात नाचले की पोस्त, म्हणजे खुशीचे पैसे, द्यायची. कपडे सुती, पाणी माणशी दोन लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पुण्याच्या कोरड्या उन्हाची सवय इथे कामाची नाही.

पालखी नाचते तिथे चपला काढा. खांदेकरी गिरकी घेतात तेव्हा दांड्याचं टोक झपकन बाजूला येतं; पाच-सहा हात मागेच थांबा. खांदा द्यायचाय? आधी मानकऱ्यांना विचारा, मान ठरलेले असतात. कुणी जेवायला थांबवलं तर जरूर थांबा.