अडचणीतल्या पोरांचं मेंटॉर व्हायचंय? मग आधी कॅलेंडर बघा

मेंटॉर म्हणजे एखाद्या संस्थेमार्फत अडचणीतल्या मुलाला नियमित भेटून सोबत देणारं मोठं माणूस. ते व्हायचं म्हटलं की बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो, मी त्या मुलाला सांगू काय, माझ्याकडे असं काय ज्ञान आहे. तो प्रश्न नंतरचा. आधी कॅलेंडर उघडून बघा की पुढचं निदान एक वर्ष ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तुम्हाला जमणार आहे का. नसेल जमणार तर आत्ताच नाही म्हणा, त्यात काही कमीपणा नाही.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघी संशोधकांनी २००२ साली अमेरिकेतल्या मेंटॉर आणि मुलाच्या जोड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला आणि ज्या जोड्या पहिल्या काही महिन्यांतच तुटल्या त्यातल्या मुलांना स्वतःबद्दल उलट आधीपेक्षा कमी वाटायला लागलं. ज्या पोरांना आधीच मोठी माणसं सोडून गेलीयेत त्यांना आणखी एक जण गायब झाला की काय वाटत असेल, विचार करा!

बरं, आता भेटी कशा करायच्या. दिवस आणि वेळ पक्की ठेवा, आठवड्यातून एकदा तास-दीड तास पुरे. जागा चार माणसांच्या वावरातली हवी आणि तुम्ही कुठे भेटताय हे घरच्यांना आणि संस्थेच्या समन्वयकाला माहीत हवं, ह्यात तुमचीही सुरक्षितता आहे आणि पोराचीही. सुरुवातीला समोरासमोर बसवून 'बोल, काय प्रॉब्लेम आहे' असं अजिबात करू नका, त्यापेक्षा सोबत काहीतरी करा, चालायला जा, पत्ते खेळा, सायकलचं पंक्चर काढा. हात कामात असले आणि डोळ्यात डोळे घालून बघायची सक्ती नसली की पोरं आपोआप बोलायला लागतात, आणि नाही बोलली तरी चालतं, गप्प बसलेली भेटसुद्धा भेटच असते.

मुलगा आला नाही, मेसेजला रिप्लाय नाही, असं होणार. बऱ्याचदा ती परीक्षाच असते की हाही निघून जातो का बघू. रागवायचं नाही, टोमणा तर मुळीच मारायचा नाही, 'आज भेट झाली नाही, पुढच्या वेळी मी नेहमीच्या वेळेला तिथेच आहे' एवढा मेसेज टाका आणि खरंच तिथे असा. तुम्हालाच जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, शेवटच्या मिनिटाला नाही.

बोलताना 'का केलंस असं' हा प्रश्न टाळा, तो आरोपासारखा लागतो आणि पोरगं लगेच बचावात जातं. 'मग काय झालं?', 'तुला तेव्हा काय वाटलं?' असं विचारा. सल्ला द्यायची फार खाज येते, मला कळतं, पण आधी विचारा की 'तुला काही सुचवू का, की फक्त ऐकू?' आणि एक नक्की, त्याच्या आईवडिलांबद्दल वाईट बोलू नका, तो स्वतः बोलत असला तरी तुम्ही री ओढू नका. तुम्ही भेटून निघून जाता, त्याला त्याच घरात राहायचंय.

खरी मदत बहुतेक वेळा अगदी साध्या कामात असते, म्हणजे कोर्सचा फॉर्म शेजारी बसून भरणं, कागदपत्रांची यादी करणं, ऑफिसात फोन कसा करायचा ते एकदा आधी बोलून बघणं. पण फोन त्यालाच करू द्या. तुम्ही सगळं करून टाकलंत तर काम होईल पण पोराला वाटेल की आपल्याला काही येतच नाही. उसने पैसे द्यायच्या भानगडीत पडू नका, नातं लगेच बदलतं, गरज खरी असेल तर संस्थेमार्फत बघा.

गुपितांचं पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा. 'तू सांगितलेलं माझ्याजवळच राहील, पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुला त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल आणि सांगण्याआधी मी तुला कळवायचा प्रयत्न करेन.' 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. आणि पोरगं 'सगळं संपवावंसं वाटतं' असं काही बोललं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, समन्वयकाला तेव्हाच फोन लावा आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइनपर्यंत सोबत जा. धोका अगदी समोर दिसत असेल तर आपत्कालीन सेवेला आधी फोन. तुम्ही थेरपिस्ट नाही, आणि व्हायचंही नाहीये.

एवढ्याने काय होणार असं वाटत असेल तर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांचा अभ्यास बघा. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांकडे त्यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, आणि त्यातली जी मुलं फार कठीण परिस्थितीत वाढली त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश तरीही चांगली उभी राहिली. त्यांच्यात ज्या गोष्टी सारख्या सापडल्या त्यातली एक म्हणजे विश्वास ठेवता येईल असं किमान एक मोठं माणूस, मग आजी असो, शिक्षक असो की शेजारी.

आणि थांबायची वेळ आली, नोकरी बदलली, गाव बदललं, तर महिना-दोन महिने आधी सांगा, शेवटची भेट ठरवून करा, आता त्याने अडल्यावर कोणाकडे जायचं ती नावं दोघांनी बसून काढा. पुढे फोनवर बोलणार असाल तर महिन्यातून एकदा की कसं ते स्पष्ट ठरवा, आणि उचलणं जमणार नसेल तर 'कधीही फोन कर' असं म्हणू नका.