रॉक क्रॉलरसाठी ईएससी आणि बॅटरी कशी निवडावी

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या काळ्या दगडावर रिमोटची क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारी छोटी गाडी, चढवायची, तर वेग काही कामाचा नाही. गाडी इंचाइंचाने सरकली पाहिजे आणि ट्रिगर सोडला की होती तिथेच थांबली पाहिजे. बहुतेक जण खरेदी बॅटरीपासून सुरू करतात, तीही जास्तीत जास्त एमएएचची. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी मोटर बघा, मग मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी ठरवा आणि बॅटरी शेवटी घ्या.

१. मोटरवरचा आकडा वाचा

१/१० मापाच्या गाडीत बहुधा ५४० साइजची ब्रश मोटर असते. तिच्यावर ३५टी, ४५टी, ५५टी असं लिहिलेलं असतं; हे तारेचे वेढे. वेढे जास्त, तितकी मोटर संथ आणि करंट कमी. ५५टीला ३एस, म्हणजे तीन सेलची बॅटरी छान मानवते. ३५टीला २एस, म्हणजे दोन सेलची पुरते. तिला ३एस लावायचीच असेल तर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक) लहान घ्या आणि मोटर किती तापते ते अधूनमधून बघा.

२. ईएससी घेताना आधी ड्रॅग ब्रेक विचारा

ट्रिगर सोडल्यावर मोटरला आपोआप लागणारा ब्रेक म्हणजे ड्रॅग ब्रेक. रेसिंगच्या ईएससीमध्ये तो बंद किंवा अगदी हलका असतो, म्हणून ‘८० अँपिअर’ एवढंच वाचून पैसे देऊ नका. क्रॉलरला तो १०० टक्क्यांपर्यंत नेता यायला हवा. हॉबीविंगचा क्विकरन १०८० याच कामासाठी बनवलेला आहे. २एस आणि ३एस दोन्ही चालतात आणि प्रोग्राम कार्डने ब्रेकचा जोर बदलता येतो.

घरीच तपासून घ्या. एक फळी भिंतीला तिरपी टेकवा, गाडी अर्ध्यावर चढवा आणि ट्रिगर सोडा. ब्रश मोटरची गाडी फार उभ्या चढावर हळूहळू खाली सरकते, कारण चाक फिरू लागल्याशिवाय हा ब्रेक जोर धरत नाही. गाडी जागेवर खिळून राहायला हवी असेल, तर एफओसी (मोटरचा करंट अचूक सांभाळून ती थांबल्यावरही धरून ठेवणारी) पद्धतीची ब्रशलेस मोटर आणि तिचा जोडीचा ईएससी लागतो. महाग पडतं, पण दगडावर फरक लगेच दिसतो.

पुढे बीईसी. ईएससीमधला हा भाग रिसीव्हर आणि सर्व्होला (चाकं वळवणाऱ्या मोटरला) वीज पुरवतो. दगडात चाक अडकलं की ताकदवान सर्व्हो एका क्षणात ३ अँपिअरहून जास्त ओढतो, व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर रिसेट होतो. स्टिअरिंग वळवताना गाडी मध्येच मरगळत असेल, तर बहुधा हेच कारण असतं. अशा वेळी सर्व्होसाठी वेगळा बीईसी बसवा.

शेवटी लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरली की मोटर बंद करणारी सोय. लायपोसाठी (लिथियम-पॉलिमर बॅटरीसाठी) तो चालू असलाच पाहिजे, दर सेलला साधारण ३.२ ते ३.४ व्होल्टवर. अनेक ईएससी सुरू होताना सेल स्वतः मोजतात, म्हणून फार उतरलेली ३एस बॅटरी लावू नका. ती २एस समजली गेली की कटऑफ चुकतो.

३. आता बॅटरी

२एस म्हणजे ७.४ व्होल्ट, ३एस म्हणजे ११.१. २एस ५००० एमएएचमध्ये ३७ वॉट-तास ऊर्जा असते आणि ३एस ३३०० मध्येही जवळपास तेवढीच. त्यामुळे नुसते एमएएच पाहून तुलना होत नाही. ईएससी ३एसचा असेल, तर मी ३एस २२०० घेईन. ती हलकी असते, पुढच्या अ‍ॅक्सलच्या दिशेने आणि खाली बसवता येते, आणि चढावर गाडी मागे उलटत नाही. वजनाची जागा हेच क्रॉलरचं अर्धं शास्त्र आहे. विकत घेण्याआधी गाडीतल्या बॅटरीच्या ट्रेची लांबी-रुंदी पट्टीने मोजा.

सी रेटिंगच्या, म्हणजे बॅटरी किती करंट देऊ शकते त्या आकड्याच्या, मागे धावू नका. २२०० एमएएच गुणिले ३०सी म्हणजे ६६ अँपिअर; क्रॉलरला एवढं क्वचितच लागतं.

कनेक्टर एकच ठेवा, एक्सटी६० उत्तम. बदलताना बॅटरीच्या दोन्ही तारा कधीही एकदम कापू नका, कात्रीतूनच शॉर्ट होतं. लाल तार कापा, झाळा, झाका, मग काळी. जोडण्याआधी लाल-काळी पुन्हा बघा. उलटी जोडली की ईएससी त्याच क्षणी जळतो.

४. नागपूरच्या उन्हात

मे महिन्यात, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर नक्कीच, बॅटरी स्कूटरच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये ठेवू नका. तापून ती फुगते, आग लागू शकते. दगडही भाजतो, म्हणून सकाळीच निघा. घरी आल्यावर बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर) लावा: २२०० ला २.२ अँपिअर, सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. चार्जिंग फरशीवर, पडद्यागादीपासून दूर आणि तुमच्या नजरेसमोर.

आठवडाभर गाडी निघणार नसेल, तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी टोचू नका, परत चार्ज करू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.