छाती, खांदे, पाठ: वजनं उचलायला सुरुवात करताना या चुका टाळा

महिना-दीड महिना जिम झालं की नवख्यांच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. बेंच प्रेस (बेंचवर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) केला की छातीऐवजी खांद्याची पुढची बाजू दुखते. पाठीचा व्यायाम केला तरी पाठीला काही जाणवतच नाही, दंड तेवढे भरून येतात. पुशअप्स पाच-सहाच्या पुढे सरकत नाहीत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बऱ्याचशांचं मूळ एकच असतं. खांद्याच्या पात्यांचं काय चाललंय, याकडे कुणी लक्षच दिलेलं नसतं.

पाठीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना जी सपाट, त्रिकोणी हाडं हाताला लागतात ती ही पाती. दंडाच्या हाडाचं डोकं याच पात्याच्या उथळ खोबणीत बसतं. खोबणी उथळ म्हणून खांदा इतक्या दिशांना फिरू शकतो, आणि त्याच कारणाने मोठ्या सांध्यांपैकी सगळ्यात जास्त वेळा निखळतो तोही खांदाच. रोटेटर कफचे चार छोटे स्नायू दंडाचं डोकं खोबणीत धरून ठेवतात. पाती सैल सोडून वजन ढकललं तर या चौघांवर नको तितका ताण येतो.

बेंच प्रेसमध्ये खांदा दुखतो

सगळ्यात आधी कोपर बघा. बार खाली येताना कोपर खांद्याच्या रेषेत, म्हणजे धडाशी अगदी काटकोनात असतील, तर दुखण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. कोपर धडाशी साधारण ४५ अंशांत असू द्या. एखाद्याला थोडे जास्त उघडलेले बरे वाटतात, पण ९० अंश नकोत. अगदी अंगाला चिकटवायचेही नाहीत, नाहीतर सगळं काम ट्रायसेप्सवर, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूवर जातं.

मग पाती. बेंचवर झोपल्यावर बार उचलायच्या आधी दोन्ही पाती एकमेकांकडे आणि किंचित कमरेकडे ओढा. छाती आपोआप वर येईल आणि खांदे बेंचमध्ये रुतल्यासारखे वाटतील. ही पकड सेट (सलग केलेल्या आवर्तनांचा एक गट) संपेपर्यंत सोडायची नाही, आणि नेमकी इथेच गडबड होते. पहिली दोन-तीन रेप्स, म्हणजे आवर्तनं, नीट होतात. मग वर गेल्यावर बार अजून जरा उंच न्यावा म्हणून खांदे बेंचवरून उचलले जातात, पाती सुटतात आणि पुढचं प्रत्येक रेप सुटलेल्या खांद्यांवर होतं. हात सरळ झाले की रेप पूर्ण झालं, त्यापुढे खांद्याने ढकलू नका.

बार गळ्याकडे आणायचा नाही. छातीच्या खालच्या भागाला, साधारण स्तनाग्रांच्या रेषेत किंवा किंचित खाली टेकवा आणि तिथून थोडा तिरका, खांद्यांच्या वर न्या. मनगट मागे मोडत असेल तर बार बोटांच्या मुळाशी धरलेला असतो. तो तळव्याच्या खालच्या भागात, हाताच्या हाडाच्या बरोबर वर यायला हवा. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा न लावता धरलेला बार घसरला तर थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो, तेव्हा यात सवलत नाही. एकटे असाल तर रॅकच्या सेफ्टी पिना (बार अडवणाऱ्या आडव्या दांड्या) छातीच्या किंचित खाली लावा, नाहीतर सरळ डंबेल घ्या.

‘खांदे मागे, खाली’ सगळीकडे लावू नका

ही सूचना बेंच प्रेससाठी उत्तम आहे. पण ती एकदा कानावर पडली की नवखा माणूस प्रत्येक व्यायामात पाती आवळून बसतो. पुशअपमध्ये पाती मोकळी फिरायला हवीत. खाली जाताना ती जवळ येतात, वर आल्यावर जमीन ढकलत एकमेकांपासून दूर जातात. बरगड्यांना धरून असलेल्या सेरेटस स्नायूला यातूनच काम मिळतं, आणि बेंचवर पाठ टेकलेली असताना ते फारसं मिळत नाही. म्हणून मोठा बेंच प्रेस मारणाऱ्यानेही पुशअप्स सोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पुशअपमधली दुसरी चूक म्हणजे कंबर खाली लोंबणं. नितंब आवळा, पोट घट्ट करा, डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेष धरा. जमत नसेल तर गुडघे टेकण्यापेक्षा हात उंचावर ठेवणं मला जास्त पटतं. आधी टेबल, मग बेंच, मग पायरी, शेवटी जमीन. शरीराची रेष पहिल्या दिवसापासून तीच राहते आणि उंची कमी करत गेलात की प्रगती डोळ्यांना दिसते. अर्धवट खाली जाऊन केलेल्या २० पुशअप्सपेक्षा छाती जमिनीजवळ नेऊन केलेल्या ६ कितीतरी कामाच्या. मनगट दुखत असेल तर षटकोनी डंबेलच्या दांड्या धरून करा, मनगट सरळ राहतं.

डोक्यावर वजन ढकलताना, म्हणजे ओव्हरहेड प्रेसमध्ये, तर पाती खाली दाबून ठेवणं सरळसरळ अडथळा ठरतं. पातं वरच्या दिशेने फिरल्याशिवाय हात पूर्ण वर जाऊच शकत नाही. शेवटच्या टप्प्यात खांदे थोडे कानांकडे जाऊ द्या, त्यात काही चूक नाही.

इथली खरी चूक कमरेत असते. वजन जड झालं की पाठ मागे वाकते, बरगड्या पुढे येतात आणि पाहता पाहता तो उभ्याने केलेला इन्क्लाइन प्रेस, म्हणजे तिरक्या बेंचवरचा प्रेस, होतो. भार जातो कमरेच्या मणक्यांवर. नितंब आवळा, बरगड्या खाली ओढा. बार चेहऱ्यासमोरून जाताना हनुवटी जरा मागे घ्या, कपाळ ओलांडलं की डोकं पुन्हा जागेवर आणा. मुळात तुमचे हात तेवढे वर जातात का, हेही एकदा तपासून पाहा. भिंतीला पाठ, कंबर आणि डोकं टेकून उभे राहा आणि हात सरळ ठेवून वर न्या. हात भिंतीला लागायच्या आधीच कंबर भिंतीपासून सुटत असेल, तर सध्या बारबेल बाजूला ठेवा. एक गुडघा टेकून एका हाताने डंबेल प्रेस करा. तिथे कमरेला फसवाफसवी करायला फारशी जागा उरत नाही.

पाठीला काही जाणवतच नाही

एका हाताने डंबेल रो (वाकून डंबेल वर ओढण्याचा व्यायाम) करताना बहुतेक जण डंबेल मुठीने वर खेचतात. कोपर दुमडतो, दंडाचा पुढचा स्नायू बायसेप्स आवळतो, डंबेल काखेशी येतं, पाठ मात्र निवांत. उलट क्रमाने करून पाहा. हात पूर्ण लोंबू द्या, पातं पुढे सरकू द्या. आधी पातं पाठीच्या कण्याकडे न्या आणि मग कोपर नितंबाच्या दिशेने मागे ओढा. मूठ फक्त धरण्यापुरती. वर एक क्षण थांबा. थांबता येत नसेल तर वजन जास्त आहे, इतकं सोपं आहे. धड वळवून झटका द्यावा लागत असेल तरी तेच.

लॅट पुलडाउनचा (केबलला लावलेला बार वरून खाली ओढण्याचा व्यायाम) बार मानेमागे नेऊ नका. छातीच्या वरच्या भागापर्यंत आणा, धड किंचितच मागे झुकवा. वर जाताना बार सोडून देऊ नका, दोन-तीन सेकंद घ्या.

आरशात दिसते म्हणून छातीचे चार व्यायाम आणि पाठीचा कसाबसा एक, ही वाटणीही बदला. ढकलण्याचे जितके सेट, निदान तितके ओढण्याचे हवेत.

बायसेप्स कर्लमध्ये कंबर झुलवू नका. लॅटरल रेजमध्ये (डंबेल धरून हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम) हात अगदी बाजूला न नेता थोडे पुढच्या कोनात उचला आणि खांद्याच्या उंचीवर थांबा. या व्यायामाला वजन फारच कमी लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

वजन वाढवण्याची घाई

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून. स्नायू नंतर दिसू लागतात. म्हणजे या काळात तुम्ही जे वारंवार कराल तेच शरीर शिकणार, चुकीची ढब असली तर तीही. नुसता ऑलिम्पिक बारच २० किलोचा असतो, तेव्हा प्लेट न लावता केलेला सेटही खरा सेटच असतो.

साधा हिशोब ठेवा. एक वजन घ्या आणि ८ ते १२ रेप्सच्या टप्प्यात काम करा. सगळ्या सेटमध्ये १२ नीट झाली की मगच वाढवा, आणि शक्य तितकं कमी वाढवा. डंबेलमध्ये ५ वरून ७.५ किलोवर जाणं म्हणजे एकदम ५० टक्क्यांची उडी. अशा वेळी आधी १५ रेप्सपर्यंत जा. सेट संपताना अजून दोन रेप्स निघाली असती असं वाटायला हवं. शेवटचं रेप हळू झालं तर चालेल, वाकडं झालं तर चालणार नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस नवख्याला पुरतात. वजन ढकलताना किंवा ओढताना श्वास सोडा. रक्तदाबाचा त्रास असेल तर श्वास कोंडून जोर लावूच नका, आणि सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.

कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती किंवा पाठ दोन्हीकडे सारखी ठणकते, दाबलं की दुखते आणि हालचाल केली की जरा मोकळी होते, तर ते नेहमीचं आहे. दोन-चार दिवसांत जातं. न दुखता खांद्यात होणाऱ्या कटकट आवाजाचीही सहसा काळजी नसते.

सांध्यात एकाच जागी टोचणारी कळ, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हातातली ताकद अचानक कमी होणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि छातीच्या मध्यभागी दाब येऊन तो हातात किंवा जबड्यात पसरत असेल, सोबत धाप किंवा घाम असेल, तर व्यायामाने स्नायू दुखतोय असं म्हणून बसू नका. तातडीने रुग्णालय गाठा.

बेंच प्रेसने खांदा नुसताच कुरकुरत असेल आणि डॉक्टरांना गंभीर काही आढळलं नसेल, तर काही आठवडे जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करा. कोपर जमिनीला टेकले की हालचाल तिथेच थांबते आणि खांदा मागे ताणला जात नाही. तळवे एकमेकांकडे ठेवा, आधीच्या निम्म्या वजनापासून सुरू करा. तिथे पूर्ण सेट दुखल्याशिवाय होऊ लागला की बेंचवर परत या, पण पहिले काही दिवस डंबेलच घेऊन.