बडोद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी

जळगावहून एम.एस्सी.साठी बडोद्याला आले तेव्हा वाटलं होतं, इथे इतकी मराठी माणसं आहेत, जड काय जाणार? दांडिया बाजारात खोलीही मराठी घरात मिळाली. वर्गातल्या गप्पा मात्र गुजरातीतून चालायच्या. मी सगळ्यांबरोबर नुसती हसायचे. दिवाळीनंतर तेही थांबलं.

नैराश्य म्हणजे सारखं रडू येणं, असा माझा समज होता. मला रडू येतच नव्हतं. पहाटे साडेतीनला जाग यायची, मग सात वाजेपर्यंत नुसतं पडून राहायचं. केस विंचरणंही जिवावर यायचं. हंसा मेहता लायब्ररीत एकच पान तासभर उघडं असायचं. आईला फोनवर सांगायचे, अभ्यास चाललाय. असं दोन आठवडे रोज होत असेल तर त्याला आळस म्हणू नका, डॉक्टरांकडे जा. मी तीन महिने घालवले, त्याची मला अजून हळहळ वाटते.

शेवटी एका रात्री १४४१६ लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास आणि मोफत. तिथल्या ताईंशी बोलून सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेले. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात मला नुसती मळमळ झाली. सोडणारच होते.

त्याच आठवड्यात घरमालकीण काकू म्हणाल्या, "अगं, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सकाळी पेपर वाचून दाखवशील?" पेपर गुजराती! "वर शिरोरेघ ओढली की आपलीच अक्षरं," काका म्हणाले. क, ख, ज, फ अशी काही मात्र वेगळी निघाली. एकेक अक्षर लावत वाचायचं, त्यामुळे मन भरकटायला जागाच नसायची. तिसऱ्या दिवशी मी गेले नाही, तर काळा चष्मा लावलेले काका जिना चढून दाराशी आले. म्हणाले, "माझ्या आईला तिचे वडील शाळेत धाडत नव्हते. सयाजीरावांनी १९०६ साली शिक्षण सक्तीचं केलं होतं, म्हणून ती शिकली. चल, नऊ वाजले."

मला तेव्हा अशीच सक्ती हवी होती. आपली कुणीतरी ठरल्या वेळी वाट पाहील, असं एक काम मिळतंय का बघा, गोळ्या चालू असतानाच.

महिन्याभरानं वर्गात फळ्यावरची गुजराती सूचना मी मोठ्यानं वाचली. शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं आणि चहाला येतेस का विचारलं.

काकांना आता स्वच्छ दिसतं. पेपर अजून माझ्याच हातात देतात.