टाचेचं हाड मोडलंय? ऑपरेशन ठरवताना या चुका टाळा

एप्रिल लागला की नागपुरात कूलर निघतात, आणि खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढून ताट्या बदलताना कुणीतरी खाली येतंच. टाचांवर पडलेल्या माणसाचं टाचेचं हाड आतल्या आत खचतं. मग धंतोलीत एक डॉक्टर ऑपरेशनसाठी मोठा चिरा सांगतात, रामदासपेठेत दुसरे छोटा, आणि घरचे गोंधळतात.

नुसत्या एक्स-रेवर निर्णय घेणं

बाजूने काढलेल्या एक्स-रेत टाच किती दबली ते कळतं. त्यावर टाचेच्या हाडाची उंची दाखवणारा एक कोन मोजतात, त्याला बोलर कोन म्हणतात. तो साधारण 20 ते 40 अंशांचा असतो, हाड खचलं की तो घटतो. पण घोट्याखालच्या, टाचेच्या हाडावरच्या सांध्याचे तुकडे किती झाले हे सीटी स्कॅनच दाखवतो. कंबर दुखत असेल तर मणक्याचाही फोटो मागून घ्या. टाचेच्या कळांपुढे ते दुखणं मागे पडतं.

टाके किती, यावरून ऑपरेशन निवडणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मोठा चिरा टाचेच्या बाहेरच्या अंगाला, इंग्रजी 'एल'च्या आकाराचा असतो. कातडीचा जाड पदर हाडापासून उचलला की टाचेची ती बाजू पूर्ण उघडी होते आणि तुकडे डोळ्यांसमोर जुळवून प्लेट बसवता येते. मात्र त्या पदराच्या कोपऱ्यात रक्त जेमतेम पोचतं. कातडी काळी पडणं, जखम उघडणं, पू होणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

छोट्या चिऱ्याला सायनस टार्साय म्हणतात. बाहेरच्या घोट्याच्या टोकाखालून पुढे जाणारा, तीन ते पाच सेंटिमीटरचा. त्यातून थेट सांध्यावर पोचता येतं आणि जखमेचे त्रास बरेच कमी होतात. पण बाकीचं हाड तितकं दिसत नाही. तिथे सी-आर्मचा (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा आणि सर्जनचा सराव यांवरच भिस्त असते. शिवाय दोन-तीन आठवडे उलटून तुकडे चिकटायला लागले, की एवढ्या वाटेने ते सुटत नाहीत. मागचा मोठा तुकडा अखंड असेल, तर कधी कधी बारीक छिद्रांतून घातलेल्या स्क्रूंवरही भागतं.

म्हणून 'कोणतं ऑपरेशन चांगलं?' असं विचारू नका. 'माझा सांधा छोट्या चिऱ्यातून नीट बसेल का, आणि नसेल तर का नाही?' असं विचारा.

'आजच करून टाका' हा हट्ट

टम्म सुजलेल्या, फोड आलेल्या कातडीवर मोठा चिरा देणं म्हणजे जखमेला निमंत्रण. कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत, बहुधा एक ते दोन आठवडे, पाय उंच ठेवून थांबतात. छोट्या चिऱ्याला अनेकदा इतकं थांबावं लागत नाही. अपवाद लक्षात ठेवा: हाड बाहेर आलंय, टाचेच्या मागची कातडी आतल्या तुकड्याने ताणून पांढरी पडलीय, किंवा औषधानेही न थांबणारी कळ आहे, तर नागपुरातली मोठी सरकारी रुग्णालयं मेडिकल, मेयो, एम्स, यांपैकी जे जवळ असेल तिथे त्याच वेळी जा.

खर्रा लपवणं

'सिगारेट ओढता का?' याला 'नाही' म्हणायचं आणि गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि त्या कोपऱ्यातल्या कातडीला नेमक्या त्याच लागतात. साखर वाढलेली असेल तर धोका आणखी. या दोन गोष्टींमुळे डॉक्टर मोठा चिरा टाळतील, कदाचित ऑपरेशनही.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही, असं समजणं

ब्रिटनमधल्या 151 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2014 साली आले. दोन वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांचं आणि न झालेल्यांचं दुखणं-चालणं सारखंच होतं. गुंतागुंत मात्र ऑपरेशन झालेल्यांत जास्त. अर्थात तिथे मोठाच चिरा वापरला होता, आणि टाच फारच वेडीवाकडी झालेले रुग्ण घेतले नव्हते. त्यामुळे ते निष्कर्ष सगळ्यांना जसेच्या तसे लागू करू नयेत.

पाय लवकर टेकणं

कोणताही चिरा असो, सहसा सहा ते बारा आठवडे टाचेवर वजन देता येत नाही. डॉक्टरांनी मुभा दिली की घोटा आणि बोटं हलवत राहा, नाहीतर सांधा आखडतो. घर वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल, तर राहायची सोय ऑपरेशनआधीच खाली करून ठेवा.